शिसं गेलं कुठे? : मेम्ब्रेन प्रकल्पाच्या नोंदी

२ जून

वही सुरू. विषय एकदाचा ठरला: पिण्याच्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक मेम्ब्रेननं काढायचं आणि कुठलं मेम्ब्रेन कशाला पुरतं ते बघायचं. आर्सेनिक काटेकोर बघितलं तर उपधातू, पण पाण्याच्या कामात सगळे त्याला जड धातूंच्या पंगतीत बसवतात. आम्हीही बसवलं.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्यं पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिली. शिसं लिटरला १० मायक्रोग्रॅम, आर्सेनिक १०, कॅडमियम ३. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा मात्रेत पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला नेहमीसारखंच असतं, त्यामुळे या कामात डोळ्यांवर विसंबून चालणार नाही. जे काही कळायचं ते मशीनच्या आकड्यांवरूनच कळणार.

मेम्ब्रेन तीन प्रकारची: अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ), नॅनोफिल्ट्रेशन (एनएफ) आणि रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ). मी बोलता बोलता 'चाळणी' म्हणालो आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तिथेच अडवलं. "चाळणीतून खारं पाणी ओतलंस तर मीठ वर राहतं का?" विरघळलेला शिशाचा आयन (विद्युतभार असलेला कण), अंगाला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूंसकट, त्रिज्येनं ०.४ नॅनोमीटरच्या आसपास. यूएफची छिद्रं २ ते १०० नॅनोमीटरची. म्हणजे आयन तिथून सहज निघून जाणार. एनएफची छिद्रं साधारण १ नॅनोमीटरची, तिथे आकाराबरोबर विद्युतभारही कामाला येतो. आरओमध्ये छिद्रं म्हणावीत अशी नसतातच. पाणी पॉलिमरमध्ये विरघळून पलीकडे झिरपतं, क्षार त्या मानानं फारच थोडे जातात.

तेव्हा यूएफ शिसं अडवणार नाही हे गृहीत धरून त्याला तुलनेसाठी ठेवलं आहे.

५ जून

मेम्ब्रेनच्या शीटमधून ४२ चौरस सेंटीमीटरचे तुकडे कापले. हातमोजे घालूनच. एनएफ आणि आरओच्या तुकड्याची चकचकीत बाजू म्हणजे खरं मेम्ब्रेन: पॉलिअमाइडचा थर, जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कितीतरी कमी. खालचं सच्छिद्र पॉलिसल्फोन आणि त्याखालचं पॉलिएस्टरचं कापड हा नुसता आधार. पहिला तुकडा मी सेलमध्ये, म्हणजे मेम्ब्रेन दाबाखाली धरणाऱ्या डबीत, उलटा बसवला. पाणी भरपूर आलं, मीठही भरपूर आलं. प्रकल्पातली माझी पार्टनर अर्धा तास हसत होती.

दाबाखाली मेम्ब्रेन सुरुवातीला दबतं आणि फ्लक्स, म्हणजे पाणी पार होण्याचा वेग, घसरतो, म्हणून शुद्ध पाण्यावर चार तास चालवून मगच मोजणी. एनएफ ६ बारला मिनिटाला ३.४ मिलिलिटर. तापमान एक अंश वाढलं की फ्लक्स साधारण ३ टक्क्यांनी वाढतो, कारण पाणी पातळ होतं. सकाळ-दुपारचे आकडे दुरुस्ती न करता शेजारी ठेवायचे नाहीत.

९ जून

डिस्टिल्ड पाण्यात लेड नायट्रेट घालून लिटरला १५० मायक्रोग्रॅम शिशाचं २ लिटर द्रावण. आधी यूएफ. परमिएट, म्हणजे मेम्ब्रेन ओलांडून आलेलं पाणी, परत टाकीतच सोडायचं, म्हणजे टाकीतलं प्रमाण बदलू नये. अर्ध्या तासानं नमुना.

संध्याकाळी एएएसचा (धातू मोजणाऱ्या मशीनचा) आकडा आला: परमिएटमध्ये ५८. म्हणजे ६१ टक्के शिसं अडवलं! यूएफनं! आम्ही दोघांनी तासाभरात त्यामागचं कारणही शोधून काढलं: मेम्ब्रेनवर भार असणार, तो आयन ढकलत असणार. आलेख काढला, रंग भरले, मॅडमना पाठवला.

उत्तर एका ओळीचं आलं. "बाकीचं शिसं गेलं कुठे?"

११ जून

कालचा अख्खा दिवस या ओळीनं खाल्ला.

आम्ही परमिएटची तुलना बाटलीवर लिहिलेल्या १५० शी केली होती. टाकीतलं पाणी त्या क्षणी किती होतं ते मोजलंच नव्हतं. मेम्ब्रेननं अडवलेलं शिसं मेम्ब्रेनच्या अलीकडे, टाकीत, दिसायला हवं. सुदैवानं टाकीचा नमुना काढून ठेवलेला होता. त्यात ९६. शिसं अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

तोच प्रयोग पुन्हा लावून सहा तास चालू ठेवला. शेवटी टाकीत ७१, परमिएटमध्ये ६६. खरं रिजेक्शन (मेम्ब्रेननं अडवलेला वाटा) ७ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. टाकीत घातलं होतं ३०० मायक्रोग्रॅम, उरलं १४२. दीडशेच्या वर मायक्रोग्रॅम बेपत्ता.

मग एक टक्का नायट्रिक आम्ल घेऊन सगळं धुतलं: काचेचा बीकर, नळ्या, सेल, मेम्ब्रेनचा तुकडा. धुवणाचं पाणी मोजलं आणि हरवलेल्यातलं १४० मायक्रोग्रॅम सापडलं. मोठा वाटा काचेवर आणि मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर चिकटलेला. उदासीन पीएचला शिसं भांड्याला धरून बसतं, काचेला तर फारच. मेम्ब्रेन नवं असताना चिकटायला जागा रिकामी, म्हणून पहिला अर्धा तास आकडा झकास. जागा भरली की शिसं सरळ पलीकडे. तीच चूक लहान नमुन्यावर, थोडाच वेळ चालवून केली असती तर 'यूएफनं शिसं काढता येतं' असं लिहून मोकळे झालो असतो.

आजपासूनचे नियम, भिंतीवर चिकटवले: काचेची भांडी बंद, पॉलिथिलीनची वापरायची. नमुना काढला की लगेच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. प्रत्येक वेळी टाकी आणि परमिएट असे दोन नमुने एकाच क्षणी. आणि दर प्रयोगाच्या शेवटी हिशेब: किती घातलं, किती सापडलं. ९० टक्क्यांपेक्षा कमी सापडलं तर तो प्रयोग धरायचा नाही.

काढलेला आलेख मी वहीत चिकटवून ठेवला आहे. रंगीत आहे.

१८ जून

एनएफवर शिसं आणि कॅडमियम. हिशेब दोन्हींचा जुळला, तेव्हा आकडे धरायला हरकत नाही. डिस्टिल्ड पाण्यातलं नुसतं लेड नायट्रेट: ८४ टक्के. अपेक्षेपेक्षा कमी, आणि इथे थोडं थांबावं लागलं.

पीएच ७ च्या आसपास एनएफच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. शिसं धन. म्हणजे मेम्ब्रेन शिशाला दूर लोटत नाही, उलट जवळच ओढतं. दूर लोटलं जातं ते ऋण नायट्रेट. पण पाण्यात धन आणि ऋण यांचा तोल कुठेच मोडत नाही, त्यामुळे नायट्रेट अडकलं तर शिशालाही त्याच्याबरोबर अडकून राहावं लागतं. नायट्रेटवर एकच भार, त्यामुळे त्याला फार जोरात ढकललं जात नाही. तेच सल्फेटचं असतं, दोन भारांचं, तर अडवणूक चांगली होते. थोडक्यात शिसं अडतं की नाही हे त्याच्या जोडीला कोण आहे त्यावर ठरतं.

पडताळा म्हणून त्याच द्रावणात थोडं साधं मीठ घातलं. शिशाचं रिजेक्शन वाढून ९५. मीठ घातल्यावर गाळणं सुधारतं हे आधी डोक्यात बसेना. पण हिशेब सरळ आहे: क्लोराइड पलीकडे जाताना जोडीला कुणीतरी धन आयन हवा असतो, आणि चपळ, एका भाराचा सोडियम ते काम करतो. दोन भारांचं शिसं मागे राहतं. म्हणजे डिस्टिल्ड पाण्यातले आकडे खऱ्या पाण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

कॅडमियमची चाल तशीच, आकडे एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे. जास्त लिहीत नाही.

२४ जून

आर्सेनिक. मला या प्रकल्पातला सगळ्यात आवडलेला भाग, आणि सगळ्यात जपून करायचाही. हवा ओढून घेणाऱ्या हूडमध्ये काम, दुहेरी मोजे, धुवणाचा थेंबही सिंकमध्ये नाही.

पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं. पंचसंयुजी म्हणजे आर्सेनेट, त्रिसंयुजी म्हणजे आर्सेनाइट. उदासीन पीएचला आर्सेनेटवर एक किंवा दोन ऋण भार असतात. ७ च्या जरा अलीकडे एकाचे दोन होतात. आर्सेनाइटवर मात्र पीएच ९ च्या पुढे जाईपर्यंत भारच नसतो, तोवर तो एक साधा छोटा रेणू.

एनएफचे आकडे अगदी पुस्तकाबरहुकूम आले. आर्सेनेट पीएच ५.५ ला ८३ टक्के, पीएच ८ ला ९५. आर्सेनाइट कुठल्याही पीएचला विशीच्या आसपास. तेच मेम्ब्रेन, तोच दाब, तेच मूलद्रव्य, आणि एकाला जवळजवळ पूर्ण अडवतं तर दुसऱ्याला बहुतेक सगळं जाऊ देतं. नुसतं 'पाण्यात आर्सेनिक इतकं' एवढा अहवाल हातात असेल तर एनएफ चालेल की नाही हे सांगताच येत नाही. भूजलात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे आर्सेनाइटच जास्त असायची शक्यता, आणि बोअरचं पाणी तिथूनच येतं.

आरओनं आर्सेनाइट ६८ टक्के अडवलं. १०० चं ३२ झालं. मर्यादा १०. आरओ लावलं की झालं, असंही नाही.

उपाय माहितीचा आहे: आधी ऑक्सिडेशन करून आर्सेनाइटचं आर्सेनेट करायचं, मग मेम्ब्रेन. नुसत्या हवेनं हे फार सावकाश होतं. क्लोरीननं झटपट होतं.

२९ जून

आणि क्लोरीननंच घात केला.

शुक्रवारी सोडियम हायपोक्लोराइट घालून ऑक्सिडेशन केलं. नंतर उरलेला क्लोरीन मारायला सोडियम बायसल्फाइट घालायचं आणि मगच पाणी मेम्ब्रेनवर न्यायचं, हा क्रम फळ्यावर लिहिलेला होता. टाकीत बायसल्फाइट पडलं. पण सेलमध्ये आधीच्या चाचणीचं, लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी तसंच राहिलं आणि आम्ही दार लावून निघून गेलो. सोमवारी सकाळपर्यंत ६२ तास.

पॉलिअमाइड आणि क्लोरीन यांचं वैर जुनं आहे. १ मिलिग्रॅमच्या पाण्यात २०० ते १००० तास राहिलं की आरओ मेम्ब्रेनचं नुकसान दिसू लागतं, असं धरतात. आमचं गणित १० गुणिले ६२, म्हणजे ६२०. क्लोरीन मधल्या काळात थोडा उडाला असेल, पण पुरेसा उरला होता. मिठाचं रिजेक्शन ९८ वरून ९१ वर, फ्लक्स मात्र वाढलेला. हे फसवं लक्षण आहे. पाणी जास्त यायला लागलं की माणूस खूश होतो.

चूक कुणाची यावर पार्टनरशी पंधरा मिनिटं वाद. शेवटचा मी निघालो होतो, त्यामुळे वाद हरलो. तो तुकडा फेकला नाही. 'क्लोरीन, ६२ तास' लिहून पिशवीत ठेवला. नवीन तुकडा लावून, क्लोरीन शून्य असल्याची खात्री करून पुन्हा चालवलं. ऑक्सिडेशननंतर एनएफचं आर्सेनिकसाठीचं रिजेक्शन ९४.

३ जुलै

यूएफला एक संधी आणखी. आयन लहान पडतो ना, मग त्याला मोठ्या रेणूला बांधून टाकायचं. पॉलिइथिलीनइमाइन हा लांब रेणू धातूंना घट्ट धरतो. कॉपर सल्फेटवर करून बघितलं, कारण ते दिसतं: फिकट द्रावण पॉलिमर पडताच गडद निळं, आणि यूएफच्या पलीकडे स्वच्छ बिनरंगी पाणी. संपूर्ण प्रकल्पात डोळ्यांना काही दिसलं असा हा एकच दिवस. लॅबमधले काकाही बघायला थांबले. पीएच खाली आणला की तांबं सुटतं आणि पॉलिमर पुन्हा वापरता येतो.

सुंदर आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी मी हे सुचवणार नाही. पॉलिमरचे आखूड तुकडे पलीकडे निसटतात, म्हणजे एक काढायला दुसरं घालायचं. कारखान्याच्या सांडपाण्याला ठीक. साबणासारख्या रसायनाचे मायसेल (रेणूंचे पुंजके) वापरून हेच करतात, त्याचं तर नावच नको: सोडियम डोडेसिल सल्फेटचे मायसेल शुद्ध पाण्यात तयार व्हायला लिटरला दोन ग्रॅमहून जास्त साबण लागतो, आणि तेवढा सुटा साबण मेम्ब्रेनमधून आरामात पार होतो. शिसं नाही, पण फेस आहे.

९ जुलै

खरं पाणी. बोअरचं, जड, पीएच ७.८. शिसं घालून रात्रभर ठेवलं आणि सकाळी वेगवेगळ्या छिद्रांच्या गाळण्यांतून गाळलं. एकूण १५२. पाच मायक्रॉनच्या फिल्टर-काडतुसानंतर १२१. ०.४५ मायक्रॉननंतर ८८. यूएफनंतर ६१.

यूएफपर्यंत ६० टक्के शिसं गेलं! ९ जूनचाच आकडा, आणि या वेळी खरा. फिल्टर आम्लात धुतले, गेलेलं शिसं त्यांच्यावरच सापडलं. कार्बोनेट असलेल्या पाण्यात शिसं विरघळलेलं राहत नाही, बारीक कणांत जातं किंवा कणांना चिकटतं, आणि कण यूएफ अडवतं. जुन्या नळांतून येणारं शिसंही पुष्कळदा कणांच्या रूपात असतं. पहिल्या दिवशी यूएफला मी 'तुलनेपुरतं' म्हणून बाजूला टाकलं होतं, ते शब्द मागे घेतो.

आणखी एक गोष्ट टोचून राहिली. ०.४५ मायक्रॉनमधून गेलं की त्याला विरघळलेलं म्हणायचं, हा प्रयोगशाळांचा रिवाज आहे. आमच्या त्या ८८ मधलं २७ यूएफवर अडकलं, म्हणजे ते विरघळलेलं नव्हतंच.

१६ जुलै

आतापर्यंत परमिएट परत टाकीत सोडत होतो, म्हणून टाकी बदलत नव्हती. प्रत्यक्षात कुणी असं करणार नाही. पाणी बाहेर काढायचं असतं. आज तसं चालवलं. दोन लिटर घ्यायचे, दीड लिटर परमिएट काढायचं, अर्धा लिटर रिजेक्ट, म्हणजे अलीकडे राहिलेलं घट्ट पाणी, उरेल.

पहिल्या खेपेला वाटेतच फ्लक्स निम्मा झाला. शिशासारखा कॅल्शियमही घट्ट होत जातो, आणि कॅल्शियम कार्बोनेट मेम्ब्रेनवर बसलं. सायट्रिक आम्लानं धुतल्यावर फ्लक्स परत आला. दुसऱ्या खेपेला पाण्याचा पीएच आधीच ६ वर आणला आणि दिवसभरात दीड लिटर सुरळीत निघालं.

मजा आकड्यांत आहे. रिजेक्शन ९७ टक्के. १५० चे ३ टक्के म्हणजे ४.५, मर्यादेच्या निम्म्याहून कमी, मी निश्चिंत. पण पाणी निघत जातं तशी टाकी घट्ट होत जाते. शेवटी गणितानं टाकीत ५७६ व्हायला हवं, आणि त्याचे ३ टक्के १७. म्हणजे पहिला पेला ४.५, शेवटचा पेला १७, आणि सगळं एकत्र केलं तर सरासरी ८. रिजेक्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ९७ च. 'आमचं मेम्ब्रेन ९७ टक्के शिसं काढतं' हे वाक्य पहिल्या पेल्यालाही खरं आणि शेवटच्यालाही, पण शेवटचा पेला मर्यादेत बसत नाही. किती पाणी काढून घेतलं हे सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगू नये, असं मॅडमना म्हणालो. त्या म्हणाल्या, "अहवालात लिही, मला काय सांगतोस."

२१ जुलै

शेवटचा हिशेब. घातलं ३०० मायक्रोग्रॅम. परमिएटमध्ये १२. रिजेक्टमध्ये लिटरला ५२८ निघालं, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये २६४. आम्लाच्या धुवणात १७. बेरीज २९३. सात मायक्रोग्रॅम सापडले नाहीत. मॅडमनी तेवढे माफ केले.

दिवसभर पंप चालवून शिसं नाहीसं झालेलं नाही. दोन लिटरमध्ये पसरलेलं अर्ध्या लिटरमध्ये आलं, इतकंच. घरातल्या आरओच्या मागची बारीक नळी मोरीत सोडलेली असते, त्यातून हेच जातं. अहवालात रिजेक्टवर वेगळं प्रकरण घेतलं आहे: सल्फाइड घालून शिसं खाली बसवता येतं, आर्सेनिकला लोहाचे क्षार लागतात. पाणी थोडं असल्यामुळे रसायनही थोडं लागतं, मेम्ब्रेनचा तो एक फायदा धरायला हवा.

२४ जुलै

लॅब आवरली. सगळं रिजेक्ट आणि धुवण कॅनमध्ये भरलं. कॅन पॉलिथिलीनचे, पीएच २ च्या खाली. लेबलांवर धातू, अंदाजे प्रमाण आणि तारीख. आर्सेनिकचा कॅन वेगळा, लाल लेबलाचा. घातक कचरा नेणारी गाडी सोमवारी येणार आहे. काकांनी कॅन मोजून वहीत सही घेतली आणि विचारलं, "हे आता कुठे जाणार?" मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.